रिद्धपूरची मराठी काबूलच्या वाटेवर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या भागातला इतिहास’ या सदरासाठी लेख मागितला, तेव्हा किल्ला आणि छत्री हे दोन विषय सोडून लिहा अशी प्रेमाची अटही घातली. मन आणि म्हैस नदीच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झा राजा जयसिंगाच्या नावाची काळ्या दगडाची छत्री यांच्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत एकदा तरी निबंध लिहिलेला आहे, त्यामुळे अट मान्य केली. विषय मात्र जवळचाच घेतला आहे. आपले बरेच वर्गमित्र आज पुण्या-मुंबईला, कोणी आखातात, कोणी अमेरिकेत स्थायिक आहेत. परमुलखात घर कसे होते, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. आपल्या वऱ्हाडातून काही माणसे काही शतकांपूर्वी याच प्रश्नाला सामोरी गेली. पोटासाठी किंवा पगारासाठी ती गेली नव्हती. आपल्या पंथाचा उपदेश घेऊन ती पंजाबात, पेशावरला आणि थेट काबूलपर्यंत पोचली. ही माणसे म्हणजे महानुभाव पंथाचे भिक्षू.

त्यांची गोष्ट समजायला सुरुवात उलट्या बाजूने करावी लागते. आपल्याकडून कोणी बाहेर जाण्याआधी बाहेरचा एक माणूस आपल्याकडे आला होता.

भडोचचा राजपुत्र, रिद्धपूरचा शिष्य

तेराव्या शतकात, देवगिरीला यादवांचे राज्य असताना, गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घरातून निघाला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले. रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. गोविंदप्रभू म्हणजे गुंडम राऊळ. लहानपणीच आईबाप गेलेले, नातेवाइकांनी वाढवलेले, मुलांत खेळणारे, कोणाच्याही घरात शिरून काहीही खाणारे, लोकांच्या दृष्टीने वेडे आणि भक्तांच्या दृष्टीने परमेश्वर. त्यांच्या हातचा प्रसाद मिळाला आणि हरिपाळदेवाचे चक्रधर झाले. पंथाची परंपरा सांगते की त्यानंतर सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी १२ वर्षे एकांतात काढली. सालबर्डीला शिवरात्रीच्या यात्रेला गेलेले आपल्यात पुष्कळ आहेत. तोच तो डोंगर.

चक्रधरांची मातृभाषा गुजराती होती. पंडितांची भाषा संस्कृत होती आणि तीही त्यांना येत होती. तरी त्यांनी आपला सगळा उपदेश मराठीत केला. पैठणपासून रिद्धपूरपर्यंत ते पायी फिरले, बायकांशी, शेतकऱ्यांशी, ब्राह्मणांशी आणि ज्यांना गावाबाहेर ठेवले होते त्यांच्याशी बोलले. त्यांच्या शिष्यपरिवारात बाइसा, महदाइसा, आउसा अशा स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. महदाइसेचे ‘धवळे’ आपण मराठीच्या तासाला आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकलो.

पुढे चक्रधर उत्तरेकडे निघून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. पंथ याला उत्तरापंथे गमन म्हणतो. मागे राहिलेले शिष्य नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र आले. तिथेच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमवायला घेतल्या. कोणी काय पाहिले, काय ऐकले, कोणत्या गावी, कोणासमोर, हे त्यांनी एकेकाला गाठून विचारले. दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही लिहून ठेवल्या. इ.स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. मराठीतला हा पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ आपल्या वऱ्हाडात घडला, ही गोष्ट आपल्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. त्या वयात तिची किंमत कळली नव्हती.

दोन आज्ञा

चक्रधरांची वचने पुढे केशिराजबासांनी ‘सूत्रपाठ’ म्हणून संकलित केली. त्यात भिक्षूने कसे राहावे याचे नियम आहेत. या लेखाच्या दृष्टीने त्यांतले दोन नियम महत्त्वाचे.

पहिला नियम घराविषयीचा. भिक्षूला घर नाही. त्याने एका ठिकाणी बस्तान मांडायचे नाही, रोज फिरायचे, भिक्षा मागायची, ओळखीपाळखी जोडायच्या नाहीत. देशाच्या टोकाला, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागी, झाडाखाली आयुष्य काढावे असा त्याचा आशय आहे.

दुसरा नियम देशाविषयीचा. भिक्षूने महाराष्ट्रातच राहावे. कानडी मुलखात जाऊ नये, तेलंगणात जाऊ नये. त्याचे कारणही दिले आहे: त्या मुलखांत भोग फार आहेत आणि तिथे तपस्व्याला मान मिळतो. मान मिळणे हा साधूला धोका, हे सांगायला चक्रधर विसरले नाहीत.

दोन्ही नियम एकत्र वाचले की पेच लक्षात येतो. घर करायचे नाही, आणि मुलूखही सोडायचा नाही. भिंतींचे घर सुटले, पण त्या जागी एक मोठे घर आले. त्याचे नाव महाराष्ट्र.

मग महाराष्ट्र म्हणजे नेमके काय? हा प्रश्न पंथातल्या पुढच्या पिढ्यांनाही पडला. त्यावेळी नकाशे नव्हते, जिल्हा परिषदाही नव्हत्या. पंथाच्या आचारग्रंथांत याचे उत्तर सापडते आणि ते फार सुंदर आहे. फलटणपासून दक्षिणेकडे जेवढ्या ठिकाणी मराठी भाषा चालते ते एक मंडळ, अशा तऱ्हेने एकेक खंडमंडळ सांगत सांगत ग्रंथकार मेहकरच्या घाटापर्यंत येतो, पुढे सगळे वऱ्हाड घेतो आणि म्हणतो की हे सगळे मिळून महाराष्ट्र. राजा कोणाचा, महसूल कोणाला, याचा त्यात उल्लेख नाही. भाषा जिथपर्यंत, देश तिथपर्यंत. १९६० साली आपले राज्य भाषेच्या पायावर उभे राहिले, त्याच्या कित्येक शतके आधी भिक्षूंनी आपल्या पायांनी ही व्याख्या चालून पाहिली होती.

भाषेबद्दल ते किती कडक होते, याची एक गोष्ट पंथात सांगतात. केशिराजबास संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी नागदेवाचार्यांना काही प्रश्न संस्कृतात विचारला. आचार्यांनी सांगितले की तुमचे संस्कृत मला कळत नाही, श्रीचक्रधरांनी मला मराठीत शिकवले, तुम्हीही मराठीतच विचारा. सूत्रे संस्कृतात आणण्याचा विचार पुढे आला तेव्हाही आचार्यांनी तो थांबवला. त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, एवढेच त्यांचे म्हणणे. शिक्षण कोणत्या भाषेत द्यावे या वादावर आज आपण पानेच्या पाने लिहितो. आचार्यांनी तो एका वाक्यात मिटवला होता.

पोथ्या हरवल्या, आठवणी उरल्या

यादवांचे राज्य गेले आणि धामधूम सुरू झाली. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. पंथ पांगला. जे वाचले ते माणसांच्या तोंडी होते. हिराइसा नावाच्या शिष्येला पुष्कळ लीळा पाठ होत्या. तिच्या आणि इतरांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. म्हणूनच लीळाचरित्राचे अनेक पाठ आहेत, आणि त्यातला एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. एका स्त्रीच्या पाठांतराने मराठीचा पहिला गद्यग्रंथ वाचवायला हातभार लावला. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या आम्हा मंडळींनी हे एकदा ध्यानात घ्यावे.

या अनुभवातून पंथाने दोन गोष्टी केल्या. पहिली, स्थळांची नोंद. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात चक्रधर जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, ती गावे आणि त्या गावांतली देवळे-मठ यांची नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठे आहे, ते बसले ती जागा नेमकी कोणती, असा बारीक तपशील त्यात येतो. एरवी कोणी आपल्या जुन्या घराचेही इतके वर्णन करत नाही. घर न करणाऱ्या माणसांनी लिहिलेले हे घरांचे पुस्तक. दूरच्या मुलखात राहणाऱ्या भिक्षूलासुद्धा ही पोथी उघडली की रिद्धपूरच्या गल्लीत उभे राहता येत असणार.

दुसरी गोष्ट, गुप्त लिपी. चौदाव्या शतकापासून पंथातल्या मंडळींनी आपल्या पोथ्या सांकेतिक अक्षरांत लिहायला सुरुवात केली. त्यातली सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध आणि तिचे श्रेय रवळोबासांना देतात. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर किंवा चिन्ह, अशी तिची घडण. भाषा मराठीच, पण बाहेरच्याला वाचता येणार नाही. यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले हे खरे. पण त्याची किंमतही पंथाने मोजली. बाकीच्या मराठी समाजाला या पोथ्यांत काय आहे हे कळेना, आणि जे कळत नाही त्याबद्दल गैरसमज वाढतात. कित्येक शतके महानुभावांकडे संशयाने पाहिले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मग एवढे मोठे मराठी वाङ्मय मठांच्या पेट्यांमध्ये होते हे सर्वांना कळले. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी हे काम नेटाने चालवले. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी तर आयुष्यच त्यात घातले. त्यांचे संपादित ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आले.

वाट बाळापूरवरून

आता त्या मोठ्या प्रवासाकडे येऊ. महाराष्ट्र सोडू नये अशी आज्ञा असताना भिक्षू पंजाबात आणि काबूलला गेले कसे?

यातला थोडा उलगडा आपल्या गावाच्या इतिहासातच आहे. १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या हवाली करावे लागले. अकबराचा मुलगा मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसवले. तेव्हापासून बाळापूर हे मोगली वऱ्हाडातले मोठे ठाणे झाले. त्याच वेळी काबूलही मोगलांचाच एक सुभा होता आणि १७३८ साली नादिरशहाने ते घेईपर्यंत तसाच राहिला. म्हणजे जवळपास दीडशे वर्षे बाळापूर आणि काबूल एकाच राज्यात होते. बऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, लाहोर, अटक, पेशावर, काबूल ही वाट सरळ होती, तिच्यावर सराया होत्या, फौजांची आणि व्यापाऱ्यांची ये-जा होती. छत्रीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मिर्झा राजा जयसिंगाचे पणजोबा मानसिंग काबूलचे सुभेदार होते, हे लक्षात घेतले म्हणजे हे अंतर किती जवळ आले होते याची कल्पना येते.

वाट आहे तिथे साधूही जाणारच. पंजाबातल्या प्रसाराचे श्रेय परंपरेत सतराव्या शतकातल्या कृष्णमुनींना देतात. पंजाबात या पंथाला ‘जयकृष्णी पंथ’ असे नाव पडले, कारण तिथले अनुयायी एकमेकांना भेटले की ‘जय कृष्णी’ म्हणतात. आपल्याकडे महानुभाव ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. नमस्कार बदलला, पोशाख बदलला, जेवणात ज्वारीच्या भाकरीच्या जागी गव्हाची रोटी आली. पंजाबातल्या खत्री आणि इतर व्यापारी घरांतून अनुयायी मिळाले. पेशावर आणि काबूलला हिंदू व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती. तिथल्या मठांना आधार त्यांचाच असणार.

पण एक गोष्ट बदलली नाही. पंथाचे शास्त्र मराठीतच राहिले. पंजाबी घरातला मुलगा दीक्षा घेऊन भिक्षू झाला की त्याला सूत्रपाठ आणि लीळाचरित्र शिकावे लागे, आणि ते तेराव्या शतकातल्या मराठीत होते. ज्याने आयुष्यात गोदावरी पाहिली नाही तो पैठण आणि रिद्धपूरच्या गोष्टी मराठीत पाठ करत होता. आजही पंजाब, हरियाणा, दिल्लीकडच्या महानुभाव आश्रमांत जुनी मराठी शिकवली जाते आणि तिकडचे यात्रेकरू रिद्धपूरला येतात.

इथे त्या आचारग्रंथातली व्याख्या पुन्हा आठवावीशी वाटते. मराठी चालते तिथे महाराष्ट्र, असे असेल तर काबूलच्या मठात मराठी वाचली जात असताना तो मठ कुठे होता? नियम मोडला असे कोणी म्हणू शकेल. मला असे वाटते की त्या भिक्षूंनी नियम मोडला नाही. त्यांनी देश पाठीवर घेतला आणि चालू लागले.

नामदेवांची तऱ्हा वेगळी

पंजाबात आपल्याकडून गेलेले आणखी एक मोठे नाव आपल्या सर्वांना माहीत आहे, ते संत नामदेवांचे. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी त्यांचे स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले तेव्हा आपल्या काही वर्गमित्रांनी नागपूरहून गाडी पकडली होती.

नामदेवांनी घर वेगळ्या रीतीने केले. त्यांनी तिथल्या लोकांची भाषा उचलली. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत आणि रोज म्हटली जातात. ती पदे मराठीत नाहीत. पंजाबने नामदेवांना इतके आपले मानले की ते बाहेरून आले याची आठवणही पुष्कळांना राहिली नाही.

महानुभावांनी मराठी धरून ठेवली, म्हणून तिकडे ते संख्येने थोडे राहिले. नामदेवांनी भाषा सोडली, म्हणून ते घराघरांत पोचले. यात कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे ठरवायला इतिहास बसलेला नाही. दोन्ही मार्गांत काहीतरी मिळाले आणि काहीतरी गेले. परदेशात मुलाबाळांशी घरी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न ज्यांच्या घरात रोज जेवणाच्या ताटावर येतो त्यांना हे अधिक कळेल.

आणि उलट दिशेचे उदाहरणही विसरू नये. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक गोव्यात उतरला. तो १६१९ साली वारला तोही गोव्यातच. त्याने ‘ख्रिस्तपुराण’ हे प्रचंड काव्य मराठीत, ओवीत लिहिले आणि ते १६१६ साली छापले गेले. मराठीची थोरवी गाणारे त्याचे शब्द आपण शाळेत पाठ केले आहेत. तो शिकवायला आला होता, पण आधी त्याला शिकावे लागले. भडोचच्या चक्रधरांचे तेच, स्टीफन्सचे तेच. आमच्या गुरुजनांना हे वाचून बरे वाटेल: परमुलखात शिकवायला गेलेल्यांपैकी ज्यांना घर मिळाले, ते आधी तिथले विद्यार्थी झाले होते.

आपल्या गावात आलेले पाहुणे

महानुभाव ज्या वाटेने वर गेले, त्याच वाटेने काही माणसे खाली आली. बाळापुरातली नक्शबंदी खानकाह आपण सर्वांनी पाहिली आहे. नक्शबंदी हा सुफींचा पंथ मध्य आशियातला. बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंदांच्या नावाने तो ओळखला जातो आणि ते चौदाव्या शतकात होऊन गेले. औरंगजेबाच्या काळात सय्यद इनायतुल्ला यांच्यामुळे बाळापूरची खानकाह नावारूपाला आली. त्याच काळात बुखाऱ्याच्याच बाजूचे बाबा शाह मुसाफिर औरंगाबादला आले आणि पाणचक्कीच्या जागी स्थिरावले. नावच मुसाफिर, आणि शेवटी घर झाले ते इथे. १७२० साली बाळापूरजवळच्या लढाईत आलम अलीखानाचा पराभव करून दख्खनेत पाय रोवणाऱ्या निजामाचे आजोबाही समरकंद-बुखाऱ्याकडूनच आले होते.

म्हणजे सतराव्या शतकात एक भिक्षू रिद्धपूरची पोथी झोळीत घालून काबूलकडे चालला होता, आणि बुखाऱ्याकडून निघालेल्या परंपरेचे फकीर बाळापूरला येत होते. एखाद्या सरायीत दोघांनी शेजारी शेजारी पथारी टाकली असेल का, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण दोघांची गरज सारखी होती. रात्रीपुरती जागा, पोटापुरते अन्न, आणि आपले म्हणणे ऐकून घेणारा कोणीतरी.

आपल्या वर्गात बाकावर शेजारी बसणारी मुले या दोन्ही वाटांची वारसदार होती. तेव्हा कोणाच्या डोक्यात हे आले नाही, आणि आले नाही तेच चांगले. डबा वाटून खाताना इतिहासाची गरज पडत नाही.

पुढे काय झाले

१९४७ साली फाळणी झाली. पश्चिम पंजाबातली आणि सरहद्दीकडची हिंदू कुटुंबे घरदार सोडून इकडे आली, त्यात जयकृष्णीही होते. अटकेच्या पलीकडे मराठी वाचण्याची परंपरा संपत आली. जे आले त्यांनी पूर्व पंजाबात, हरियाणात, दिल्लीत नव्याने आश्रम उभारले. दुसऱ्यांदा घर शोधावे लागले. पण या वेळीही त्यांच्याजवळ सूत्रपाठ होता, लीळा पाठ होत्या, आणि रिद्धपूर जागेवर होते.

परदेशी अभ्यासकांनीही या पंथाची दखल घेतली. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढे शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश केला, तो १९९९ साली आला. मोर्शी तालुक्यातल्या एका वेड्या समजल्या गेलेल्या साधूचे बोलणे आज अमेरिकेतले विद्यार्थी वाचतात. आणि अलीकडे राज्य शासनाने रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या जुनेपणाच्या पुराव्यांत लीळाचरित्राचे नाव पुढे होतेच.

या सगळ्यातून एकच गोष्ट मला आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. घर करू नका अशी आज्ञा असलेल्या माणसांनी सात-आठशे वर्षे एक घर सांभाळले. त्याला भिंती नव्हत्या. पाठ केलेली वाक्ये, ओळखीच्या गावांची नावे आणि भेटल्यावर करायचा एक नमस्कार, एवढेच त्याचे सामान. म्हणून ते लुटले गेले नाही, फाळणीत मागे राहिले नाही आणि सीमेवर कोणाला दाखवावेही लागले नाही.

आपली बॅच आता जगभर पांगली आहे. पुढच्या स्नेहमेळाव्याला जे दूरवरून येतील त्यांच्यासाठी माझी एक सूचना आहे. एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवावा. बाळापूरहून सकाळी लवकर निघाले की अकोला, मूर्तिजापूर, अमरावती करत दुपारपर्यंत रिद्धपूरला पोचता येते. राजमठ पाहावा, गोविंदप्रभू जिथे वावरले त्या जागा पाहाव्यात. मुलांना, नातवंडांना सोबत आणावे. तिथे पंजाबकडचे यात्रेकरू भेटण्याचा संभव असतो. त्यांच्याशी मराठीत बोलून पाहावे. ते उत्तर कोणत्या भाषेत देतात ते आपल्या नातवंडांना ऐकू द्यावे.

सर्व गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना दंडवत प्रणाम.